ठाऊक नाही, पण आलो ना!

मंडळी, घड्याळाकडे बघू नका! बाराला अजून अवकाश आहे. सुंठवडा कुटून झालाय, मगाशीच वास आला मला. गुलाल तयार आहे. पाळण्यात नारळ कुंची घालून बसलाय. रामराया यायचे तेव्हा येतील. तोवर मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

मोठ्या माणसानं लहान मुलांच्या गोष्टीत जीव गुंतवावा का?

मान हलली! तिसऱ्या ओळीत, टोपीवाले काका. नाही म्हणताहेत. बरं. मग काका, नातू शाळेत गेल्यावर तुमच्या घरी टीव्हीवर ते कार्टून चालूच असतं, ते कोण बघतं? — काकू हसल्या! काही बोलू नका काकू, तुमचं हसणं पुरे आहे.

नाही, हसण्यावारी नेऊ नका. आपण मोठे झालो, डोक्यावरचे केस पांढरे झाले, बँकेत सही करताना लोक ‘या साहेब’ म्हणायला लागले. आणि संध्याकाळी चार रेघांचा एक प्राणी पडद्यावर धडपडतो आणि आपला चहा निवतो! कोणी आलं की आपण पटकन बातम्या लावतो. का लावतो? लाज वाटते म्हणून. ती लाज खरी की तो निवलेला चहा खरा?

आणि एक सांगू? आज तुम्ही कामं टाकून, उन्हातून चालत इथं कशाला आलात? एका नारळाला झोका द्यायला! त्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली, आता त्याच्यासाठी अंगाई म्हणणार. म्हणणार ना? आणि कार्टून बघणाऱ्याला हसता!

बोला, प्रभू रामचंद्र की जय!

तर ऐका. ही पुराणातली गोष्ट नाही. गडहिंग्लजच्या बाजूला एक गाव आहे, तिथली. मी नावं बदललीत, माणसं बदललेली नाहीत. आणि ज्यांची आहे त्यांना विचारून सांगते आहे.

त्या गावात बसस्टँडच्या मागं दिगंबर खोतांचं दुकान. जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं काम. विहिरीवरची मोटार, गिरणीची मोटार, डोशाचं पीठ वाटायची मोटार. आतली काळी झालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार घालायची. वेढ्यावर वेढा. आणि मंडळी, त्या कामात एक मेख आहे. वेढे मोजावे लागतात! मध्येच कुणी ‘काय अण्णा, जेवण झालं का’ विचारलं आणि मोजणी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. वेढे कमी पडले तर मोटार तापते आणि जळते. म्हणून दिगंबरअण्णा काम करताना बोलत नसत. ओठ हलायचे तेवढे. लोकांना वाटायचं, नामस्मरण चाललंय!

दुकानात एक जुना टीव्ही होता, गिऱ्हाइकांना क्रिकेट बघायला. एकदा कुणाच्या तरी पोरानं चॅनेल बदललं आणि तसंच ठेवून गेलं. अण्णांचे हात तारेत, उठणार कसे? पडद्यावर एक भुईमुगाची शेंग. शेंगेला दोन पाय. एका पायात मोजा, दुसरा उघडा. ती शेंग एका बिघडलेल्या पाण्याच्या पंपापाशी गेली आणि म्हणाली, “काका, तुमचं नाव मला देता? मला नाव नाही.”

अण्णा हसले. कारण पंप चुकीचा काढला होता! पाणी ओढायचा पाइप वर आणि फेकायचा खाली!

पण बघत राहिले.

त्या मालिकेचं नाव ‘कोण रे तू?’. मुलांची मालिका. बाजारात पोत्यातून घरंगळून पडलेला एक जीव. त्याला नाव नाही. रोज तो कुणाकडे तरी जाऊन नाव मागतो. बेडकाकडे, टपालपेटीकडे, फुटक्या छत्रीकडे. ते देतात. दिवसभर तो ते नाव वापरून बघतो, घोटाळे होतात, मुलं हसतात. आणि संध्याकाळी तो ते नाव परत नेऊन देतो. म्हणतो, “तुमचं तुम्हालाच शोभतं. माझं कुठंतरी असेलच.” आणि मग सगळे मिळून गाणं म्हणतात. फार काही गाणं नाही. दोन ओळी. बेडूक, पंप, छत्री, सगळे विचारतात —

कोण रे तू? कोण रे तू?

आणि तो एवढासा जीव कमरेवर हात ठेवून सांगतो —

ठाऊक नाही, पण आलो ना!

पेटीवाले, सूर द्या तोच. हं. मंडळी, लक्षात ठेवा ही ओळ, मला पुन्हा लागणार आहे.

त्या दिवशी अण्णांची मोजणी चुकली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांनी हातातली तार खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं!

आता घरी चला. घरी शालनवहिनी. आणि अण्णांची थोरली बहीण गोदाक्का. आक्का लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झाल्या, माहेरी परतल्या. आई गेल्यावर धाकट्या दिगूला त्यांनीच वाढवलं. गावात त्यांचा दरारा असा की भाजीवालीसुद्धा त्यांना जास्तीची कोथिंबीर न मागता द्यायची! आक्का संध्याकाळी देवळात वाती वळायला जात. त्या उंबऱ्याबाहेर पडल्या की शालनवहिनी काय करायच्या? पाट ओढून टीव्हीच्या इतक्या जवळ बसायच्या की नाक काचेला लागावं. आवाज इतका बारीक की शेजारचं मांजरही उठू नये. आणि काय बघायच्या?

बरोबर!

नवरा दुकानात, बायको घरात. तोच अर्धा तास, तीच शेंग. आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं! एका ताटात जेवून ताट विसळणारी माणसं, मंडळी. का लपवावं?

आता हलक्या आवाजात सांगते.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना एक मूल झालं होतं. मुलगा. घरात पाळणा बांधला, डिंकाचे लाडू वळले, आक्कांनी स्वतःच्या हातानं कुंची शिवली. पिवळी, हिरव्या काठाची. बाराव्या दिवशी बारसं. आणि बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी ते बाळ गेलं. श्वास थांबला, एवढंच. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. असं होतं कधीकधी.

आक्कांनी पदर खोचला. पाळणा सोडला, लाडू उचलले, बाळंतिणीचा सगळा पसारा तासाभरात दिसेनासा केला. आणि दोघांना समोर बसवून म्हणाल्या, “आता ह्या घरात त्याचा विषय न्हाई. जगायचं आसंल तर इसरायचं.”

मायेनं म्हणाल्या हो! त्या तशाच जगल्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. आणि दिगू-शालननं ते पाळलं. वर्षांमागून वर्षं पाळलं. शेजारच्या बारशाला गेले नाहीत. खेळण्याच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडला. नवरा बायकोला जपतोय, बायको नवऱ्याला जपतेय, आणि दोघांच्या मध्ये ते एवढंसं बाळ, बिननावाचं. माणूस गेलं की आपण नाव घेऊन रडतो. यांनी काय घेऊन रडायचं?

समजलं आता, चहा का निवत होता?

तर काय झालं, अण्णांच्या मोजणीचा बोऱ्या वाजला. बसस्टँडवरच्या डोसेवाल्याची मोटार त्यांनी भरून दिली ती दोनदा जळून परत आली. डोसेवाला भला माणूस, पण त्यानं चार लोकांत विचारलं, “अण्णा संध्याकाळी घ्यायला लागले की काय? शटर अर्धं असतं!” झालं! गावाला एवढं पुरतं. बातमी आक्कांच्या कानावर गेली. हातातल्या वाती टाकून आक्का निघाल्या. शटरखालून वाकून आत शिरल्या आणि पहिलं वाक्य —

“दिगू, आ कर!”

“अगं आक्का, काय झालं?”

“आधी आ कर. वास बघू दे.”

पंचावन्न वर्षांच्या माणसानं आ केला, मंडळी. वास कशाचा? भाजक्या शेंगांचा!

आक्कांनी मागं बघितलं. पडद्यावर शेंग छत्रीखाली उभी.

“ह्ये काय?”

“त्ये... बातम्या लागायच्या हायत.”

“बातम्यांत शेंगेला पाय फुटत्यात व्हय रे?”

आक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर बघायच्या. आणि गेल्या.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. शालनवहिनी भाकरी वाढताहेत. आक्कांना राहवतंय का? “शालन, तुझ्या नवऱ्याचं याड कळलं का तुला? दारू न्हाई, पत्ते न्हाईत. दुकान अर्धं लावून पोरांचं कार्टून बघतोय! गावभर मोटारी जळाल्यात आन् ह्यो शेंगंला बघत बसलाय!”

वहिनींच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आणि तोंडातून गेलं, विचार न करता गेलं —

“ती शेंग न्हाई, वन्सं. त्याला अजून नावच न्हाई.”

मंडळी, त्या घरात ‘नाव नाही’ हे शब्द कितीतरी वर्षांत कुणी उच्चारले नव्हते.

अण्णांनी मान वर केली. बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे. आणि हा मोटारी भरणारा माणूस, आयुष्यात कधी गाणं न म्हटलेला, घसा खाकरून अगदी हळू —

“कोण रे तू... कोण रे तू...”

आणि शालन रडत, हसत, पिठाच्या हातानं डोळे पुसत —

“ठाऊक न्हाई... पण आलो ना.”

आक्का ताटावरून उठल्या. हात न धुता आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

इथं क्षणभर थांबते. पाणी द्या हो कुणीतरी.

मी पूर्वी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, तेव्हाची एक गोष्ट सांगते. ज्याचं डोकं मोठं, डोळे मोठे, हनुवटी बारीक, असं काहीही दिसलं, मांजराचं पिल्लू असो की कागदावरचं चित्र, की आपल्या आत कुठंतरी एक गाठ सैल होते. ते बाळाचं माप आहे. पिल्लू जगावं म्हणून निसर्गानं मोठ्यांच्या आत ठेवलेली ही सोय. चित्र काढणाऱ्यांना ती बरोबर माहीत असते! इतकं शास्त्र सांगतं. मलाही बरेच दिवस वाटायचं, इतकं पुरे.

पण मग झाडाचा ओंडका बघा. आडवा कापलेला. आपण म्हणतो, रोपट्याचं झाड झालं. रोपटं कुठं गेलं? कुठंही नाही! खोड बाहेरून वाढतं, वेढ्यावर वेढा, दिगंबरअण्णांच्या तारेसारखं. आणि पहिल्या वर्षीचं ते बोटाएवढं रोपटं मधोमध तसंच असतं. झाड कितीही मोठं होऊ दे. तुमच्या आतही आहे. टोपीवाले काका, तुमच्याही! आणि काही लोकांच्या आत, मंडळी, फक्त त्यांचं स्वतःचं रोपटं नसतं. न वाढलेलं एक दुसरंही असतं.

असो. पुढं ऐका.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा अर्धा तास आधी घरी यायला लागले. दोघं शेजारी शेजारी पाटावर. आवाज मोठा! गल्लीतल्या बायका म्हणाल्या, “खोतांच्या घरी म्हातारपणी पोर झालं वाटतं!” पूर्वी हे ऐकून शालनवहिनी चार दिवस पाण्याला गेल्या नसत्या. आता म्हणाल्या, “व्हय, झालंय. बघायला या.”

आणि आक्का? देवळात जायची वेळ बदलली! टीव्हीकडे पाठ करून बसायच्या, मांडीवर तांदळाचं सूप. एक खडा दहादा निवडायच्या. मध्येच विचारायच्या, “आज कुणाकडं गेलाय?”

“टपालपेटीकडं, आक्का.”

“मग घे म्हणावं की तिचं! रोज परत करतोय. लई चोखंदळ हाय पोरगं.”

“बघा की वळून, वन्सं.”

“मला काय करायचंय? तुमचं चालू द्या.”

पण सुपातल्या तांदळाला मूठभर पाणी लागलेलं असायचं. घामाचं, म्हणायच्या त्या. थंडीच्या दिवसांत!

दोघांचं एक ठरलं होतं. तो कुठलं नाव घेईल, याची रोज पैज. अण्णा एक सांगायचे, वहिनी एक. आणि असं करता करता, मंडळी, ती दोघं त्या विषयावर आली. “त्याचे कान तुमच्यासारखे होते,” शालन म्हणाली एका संध्याकाळी. “अंगठा चोखायचा न्हाई, मूठच घालायचा तोंडात.” अण्णा म्हणाले, “मला वाटलं, तू इसरलीस.” “मला वाटलं, तुम्ही.”

बघा! इतकी वर्षं!

आणि मग चैत्र लागला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं पाटावर बसली, चॅनेल लावलं, आणि पडद्यावर दात असलेली एक मोटारगाडी. खिदळतेय, भिंतींना धडका देतेय. वाटलं, वेळ चुकली. दुसऱ्या दिवशीही गाडीच. तिसऱ्या दिवशी अण्णांनी शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला विचारलं. तिनं मोबाइलवर बघून सांगितलं, “बंद केली काका ती मालिका. लोक बघत नव्हते म्हणे.”

“पण त्याला नाव?”

“कुणाला?”

“शेवटी काय नाव मिळालं त्याला?”

“शेवट केलाच नाही, काका. तशीच बंद केली.”

मुलांचं काय, मुलं गाडीवर खूश. पण या घरात, मंडळी, ते लेकरू दुसऱ्यांदा बारशाआधी गेलं.

शालनवहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्या. उठेनात. अण्णा दुकानात बसायचे, शटर पूर्ण उघडं, हातात तार, आणि ओठ हलत नव्हते. कुणी म्हटलं, “वहिनींना काय झालं?” तर सांगणार काय? कार्टून बंद पडलं म्हणून बाई अंथरुणाला खिळली? डॉक्टर हसेल, गाव हसेल. तुम्हीही, अर्ध्या तासापूर्वी, हसला असता!

आक्का हसल्या नाहीत. भाकरीचा तुकडा घेऊन वहिनींच्या उशाशी बसायच्या. “शालन, घे गं एक घास.” नाही. “माझ्यासाठी घे.” नाही. एका सकाळी शालन भिंतीकडे बघतच म्हणाली, “वन्सं, माझ्या नशिबी बिननावाचीच पोरं हायत का हो?”

आक्कांनी भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला. मग उठून ट्रंकेपाशी गेल्या.

आता त्या गावची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं?

आत्या! बरोबर. आत्या वाकते, कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बायका काय करतात? तिच्या पाठीत दणादण धपाटे! आत्याला त्या दिवशी सुटका नाही. आणि अजून एक. नाव बऱ्याचदा आत्याच निवडते, आणि बारशाआधी ते फोडायचं नसतं. पोटात ठेवायचं. त्या गावात रामनवमीलाही हेच. बाराला राम जन्मला, पाळण्यात घातला, की एका बाईनं आत्या व्हायचं आणि देवाच्या कानात नाव सांगायचं. तो मान खोतांच्या घरचा. म्हणजे गोदाक्कांचा.

आणि गोदाक्कांनी तो मान कितीतरी वर्षं घेतलाच नव्हता! दर रामनवमीला म्हणायच्या, “माझी कंबर धरलीया, दुसरीला वाकू दे.” कुणीही विचारलं नाही, की बाई, घागर उचलताना तुझी कंबर धरत नाही, ती देवाच्याच कानाशी का धरते?

त्या रामनवमीचं कीर्तन माझ्याकडे होतं. मी उभी, अशीच. बाराला थोडा अवकाश, असाच. आणि दारातून आक्का आल्या. एका हाताला शालनवहिनी, ओढून आणावं तशा. मागं अण्णा. आक्का सरळ पाळण्यापाशी गेल्या, नारळाच्या डोक्यावरची देवळाची कुंची काढली आणि कमरेची दुसरी काढून घातली. पिवळी. हिरव्या काठाची. घडीवर घडीच्या खुणा पडलेली. एकदाही न घातलेली.

शालनवहिनींनी ती ओळखली. दोन्ही हात तोंडावर गेले त्यांचे.

बारा वाजले. गुलाल उधळला, फुलं पडली, शंख वाजला. पाळणा हलला. पुजारी म्हणाले, “आत्या कोण होतंय?” आणि बायका सवयीनं दुसरीकडे बघायला लागल्या.

“मी हाय,” आक्का म्हणाल्या. “त्याची आत्या मीच हाय.”

वाकल्या. किती वेळ वाकलेल्या होत्या, मंडळी! देवाला एवढं लांब नाव कुठून असणार? बायका थांबल्या, मग रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घालायला लागल्या, हळूहळू, म्हातारं माणूस म्हणून. आक्का उठेनात. बायकांनी हात आवरले, तर पाळण्यातूनच आवाज आला —

“थांबू नका गं. मारा. जोरात मारा. ह्ये धपाटे माझं ऱ्हायल्यात.”

कुणाचा हात उठेना. तेव्हा शालनवहिनी पुढं झाल्या. नणंदेच्या पाठीत एक धपाटा घातला, खणखणीत! आणि त्याच पाठीवर डोकं टेकून रडल्या.

आक्का सरळ झाल्या. भावजयीच्या कानाशी तोंड नेलं आणि ते नाव सांगितलं. मग दिगूला जवळ ओढला, त्याचा कान धरला, लहानपणी धरायच्या तसा, आणि त्यालाही सांगितलं. दिगंबरअण्णा तिथंच खाली बसले. ओठ हलत होते त्यांचे. वेढे मोजत नव्हते ते, त्या दिवशी. पुन्हा पुन्हा एकच शब्द घोळवत होते.

आक्का म्हणाल्या, “तवाच ठरीवलं हुतं. बारसं झालं न्हाई त्याचं नाव काढू नये म्हणत्यात, म्हणून गिळलं. कुणी सांगितलं हुतं, त्येबी आता याद न्हाई. शालन, तुला इसर म्हटलं, आन् मी एक दिस इसरली न्हाई गं.”

आई व्हायचं आक्कांच्या नशिबी नव्हतं. आत्या व्हायचं होतं. ते त्यांनी इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं.

मग सुंठवडा आला. सुंठवडा म्हणजे काय, ठाऊक आहे ना? बाळंतिणीचं खाणं. देवाला मूल झालं म्हणून आपण सगळे आज बाळंतीण होऊन तो खातो. पुजाऱ्यांच्या हातून वाटी घेऊन आक्कांनी पहिली चिमूट शालनवहिनींच्या तळहातावर ठेवली. “खा,” म्हणाल्या. “तवा तुझ्या हातातलं लाडू मी काढून घेतलं हुतं.”

वहिनींनी खाल्ला. किती दिवसांनी काही खाल्लं बाईनं.

आता तुम्ही विचाराल, ताई, ते नाव काय होतं? मला ठाऊक नाही. शंख वाजत होता, आणि ऐकू आलं असतं तरी मी कान फिरवला असता. ही गोष्ट सांगू का, असं विचारायला गेले तेव्हा शालनवहिनी म्हणाल्या, “सांगा की. सगळं सांगा. तेवढं एक आमच्याकडं ऱ्हाऊ दे.”

आणि त्या शेंगेचं काय झालं? काही नाही. तो तिथंच आहे, बाजारात, एक मोजा घालून, नाव मागत. शेवट झाला नाही त्याचा. अण्णांनी दुकानात भिंतीवर खडूनं काढलाय तो. पंपही काढलाय शेजारी, पाइप बरोबर जागी! डोसेवाल्याची मोटार अजून चालू आहे.

तर मंडळी, मी विचारलं होतं, मोठ्या माणसानं लहान मुलांच्या गोष्टीत जीव गुंतवावा का? काका, आता मान कशी हलतेय? नका सांगू. घरी गेल्यावर सांगा. तुमच्या घरी कुणीतरी असेल, आजोबा असतील, दिवसभर दमून आलेली सून असेल, पोरं झोपल्यावरही ते रंगीत काहीतरी बघत बसलेलं. हसायच्या आधी शेजारी बसा. ‘काय पोरकटपणा’ म्हणू नका. विचारा, ‘आज काय झालं त्याचं?’ उत्तर ऐका. ते उत्तर कार्टूनचं नसेल कदाचित.

आणि इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या आत असं बिननावाचं कुणी असेल — मी बघत नाही कुणाकडे, मी पाळण्याकडे बघते आहे — तर आज आत्या देवाच्या कानाशी वाकेल, तेव्हा तुम्हीही आपलं एक नाव मनात सांगून टाका. बारशाआधी सांगू नये म्हणतात ना? मग आज बारसंच आहे!

चला. वाजत आले. बायांनो, पुढं या, दोरी घ्या हातात. बाप्यांनो, तुम्हीही! पाळण्याच्या दोरीला बाईमाणूस-बाप्यामाणूस कळत नाही. पेटीवाले, मगाचाच सूर द्या. आपण सगळे मिळून विचारू या त्या कुंचीतल्या लेकराला. कोण रे तू, कोण रे तू?

उत्तर तुम्हाला पाठ आहे. मोठ्यानं म्हणा!